कोल्हापुरात सेकंड हँड क्रूझर घेताय? किलोमीटर नंतर विचारा, आधी विचारा गाडी महापुरात कुठं होती

कोल्हापुरात जुनी थंडरबर्ड बघायला गेलं की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "एकहाती गाडी हाय भावा, कुठं नेलीच न्हाई. लईत लई रंकाळा, नायतर जोतिबा." मग मीटर दाखवलं जातं, सेल्फ मारला जातो, सायलेन्सरचा आवाज गल्लीभर घुमतो आणि बघायला आलेला गडी तिथंच पाघळतो.

पण कोल्हापूरच्या गाडीबद्दल पहिला प्रश्न किलोमीटरचा नसावा. तो असावा, ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये ही गाडी कुठं उभी होती?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. शाहूपुरी, दुधाळी, सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कचा काही भाग, शहराबाहेर चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात होती. शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग दोन्ही वेळा काही दिवस बंद राहिला. माणसं आणि जनावरं बाहेर काढायची धांदल असताना गाडीचा विचार सगळ्यात शेवटी येतो. पार्किंगमधल्या, दारातल्या, गॅरेजला टाकलेल्या गाड्या पाण्याखाली राहिल्या. पाणी ओसरलं, गाड्या धुतल्या, ऑइल बदललं, चालूही झाल्या. वरून पॉलिश मारलं की अशी गाडी आणि कोरडी राहिलेली गाडी यातला फरक नुसत्या नजरेला कळत नाही.

थंडरबर्डचा साधा हिशोब

रॉयल एनफिल्डने थंडरबर्ड २००२ मध्ये आणली आणि २०२० मध्ये बंद केली. तिच्या जागी नोव्हेंबर २०२० मध्ये मिटिऑर ३५० आली. याचा अर्थ असा की आज बाजारात असलेली प्रत्येक थंडरबर्ड जुलै २०२१ च्या आधीची आहे. ती तेव्हा कोल्हापुरात असेल तर तिने किमान एक महापूर पाहिलाय आणि ऑगस्ट २०१९ च्या आधीची असेल तर दोन. पहिल्या काही महिन्यांतल्या मिटिऑरने एक पाहिलाय. बजाज अॅव्हेंजर २००५ पासून विकली जातेय, त्यामुळे तिथं नोंदणीची तारीख बघूनच हिशोब मांडावा लागतो.

अर्थात पूर पाहणं वेगळं आणि पुरात बुडणं वेगळं. पाणी वाढतंय म्हटल्यावर अनेकांनी गाड्या उंचावरच्या रस्त्यांवर, पै-पाहुण्यांच्या दारात नेऊन लावल्या होत्या. म्हणून आरसी हातात घेतली की आधी त्यावरचा पत्ता वाचायचा. पूरपट्ट्यातला असेल तर सरळ विचारायचं. प्रामाणिक विकणारा सांगतो, "व्हय, चाकं बुडाली होती," किंवा "सीटपर्यंत पाणी होतं, वायरिंग नवीन टाकलंय, हे बिल." अशा माणसाशी व्यवहार करता येतो. ज्याला २०१९ हा आकडा ऐकूनच राग येतो, त्याच्या गाडीचा टॉर्च लावून नीट तपास करायचा.

पाण्यापेक्षा गाळ वाईट

पावसात भिजलेली गाडी वाळते. पुराचं पाणी मात्र शेतातला गाळ, गटाराची घाण आणि गोदामातून वाहून आलेलं काहीही घेऊन येतं. पाणी निघून जातं, गाळ आत राहतो. तो बेअरिंगच्या ग्रीसमध्ये मिसळतो, चाकाच्या ड्रममध्ये बसतो आणि वायरिंगच्या कपलरमध्ये ओल धरून ठेवतो. तांब्याच्या तारेवर हळूहळू हिरवट थर चढतो. त्यामुळे दोन वर्षांनी, एखाद्या जून महिन्यात, सकाळी गाडीचा सेल्फच लागत नाही. मिस्त्री बॅटरी बदलतो, मग रिले बदलतो आणि खरं दुखणं कपलरमध्येच राहतं.

इंजिनाचं वेगळंच. बुडालेल्या गाडीच्या सिलिंडरमध्ये पाणी असताना कुणी घाईने सेल्फ मारला असेल, तर पिस्टन वर येताना त्या पाण्यावर आदळतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. किंचित वाकला तरी गाडी चालू होते, पण आवाज आणि थरथर कायमची मागे लागते.

पुराच्या खुणा कुठं सापडतात?

टाकी आणि बाहेरचे क्रोम भाग बघून काही कळत नाही, ते सगळ्यात आधी चमकवले जातात. जिथं धुणाऱ्याचा हात पोचत नाही तिथं बघायचं.

सीट काढायला सांगा. सीटखालच्या पत्र्याचे नट-बोल्ट, बॅटरीची चौकट, टूलकिटचा कप्पा, मागच्या मडगार्डची आतली बाजू. वरचे बोल्ट चकचकीत आणि खालचे सगळे एकसारखे गंजलेले असतील तर शंका घ्यायची. चार-दोन बोल्टांचा गंज कोल्हापूरच्या पावसात कुठल्याही गाडीला येतो, तो मनावर घ्यायचा नाही. बघायचं ते एका ठराविक उंचीच्या खाली सगळंच गंजलंय का, हे.

मग कपलर. बॅटरीजवळचा आणि हेडलाइटच्या डब्यातला एकेक कपलर उघडून आत टॉर्च मारायची. पिना पितळी दिसल्या पाहिजेत. हिरवट पावडर किंवा वाळलेल्या चिखलाची बारीक रेघ दिसली तर ती गाडी पाण्यात होती, असं धरून चालायचं. नवं कोरं वायरिंग जुन्या गाडीवर दिसलं तरी का बदललं, हे विचारायचंच. हेडलाइटच्या काचेत आणि मीटरच्या काचेआड तपकिरी रेघ राहिलीय का बघायचं. टाकीचं झाकण उघडून आत तांबूस गंज आहे का बघायचं. एअर फिल्टरचा डबा उघडला तर कोपऱ्यातला गाळ बरंच काही सांगून जातो. फिल्टर नवा असतो, कोपरे कुणी पुसत नाही.

क्रूझरची एक जास्तीची अडचण आहे. ही गाडी मुळातच बुटकी. अॅव्हेंजरची सीट जमिनीपासून ७३७ मिलिमीटरवर, मिटिऑरची ७६५ वर. म्हणजे कमरेएवढं पाणी आलं तरी इंजिन, बॅटरी आणि बहुतेक सगळं वायरिंग पाण्याखाली जातं.

मग पुरातली गाडी घ्यायचीच नाही का?

घेता येते, पण कुठली ते बघून. जुनी थंडरबर्ड ३५० कार्बोरेटरवर चालते. कार्बोरेटर साफ होतो, वायरिंग बदलता येतं, बेअरिंग बदलता येतात. ही सगळी कामं करणारे हात कोल्हापुरात आहेत. शिवाजी उद्यमनगरच्या गल्ल्यांमध्ये लेथपासून बोअरिंगपर्यंत सगळं होतं. कामाची बिलं असतील आणि भाव त्या हिशोबाने उतरवला असेल तर विचार करायला हरकत नाही.

फ्युएल इंजेक्शन आणि एबीएस असलेली गाडी बुडाली असेल तर सोडून द्यावी. थंडरबर्ड ५००, मिटिऑर आणि बीएस-६ च्या सगळ्या क्रूझर इंजेक्शनच्या आहेत. इसीयू, सेन्सर, एबीएसचं युनिट हे भाग दुरुस्त होत नाहीत, बदलावे लागतात आणि ते महाग आहेत. अशा गाडीची एक छोटी चाचणी आहे. चावी फिरवल्यावर मीटरमध्ये इंजिनाचा आणि एबीएसचा दिवा लागला पाहिजे. इंजिन चालू झाल्यावर पहिला आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर दुसरा विझला पाहिजे. विझत नसेल तर बिघाड आहे. मुळात लागतच नसेल तर जास्त काळजी, कारण दिवा बंद करून ठेवणारेही असतात.

इथं "विम्याचा क्लेम झालाय का ते बघा" हा सल्ला सगळे देतात. बघायलाच पाहिजे. पण पुराचं नुकसान थर्ड पार्टी विम्यात येत नाही, त्यासाठी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा लागतो. जुन्या दुचाकीवर लोक बहुधा कायद्याला लागतो तेवढा थर्ड पार्टीच काढतात. अशा गाड्या बुडाल्या तरी क्लेम झाला नाही आणि त्यामुळे नोंदही नाही. क्लेम सापडला तर गाडीचं नुकसान झालं होतं हे पक्कं, पण न सापडल्याने काहीच सिद्ध होत नाही.

कुठली क्रूझर, कुणासाठी?

अॅव्हेंजर ही साधी, हलकी आणि स्वस्त निवड. २२० चं ऑइल कूल्ड इंजिन पल्सरच्या घराण्यातलं, त्यामुळे सुटे भाग आणि मिस्त्री गावोगावी. उंची कमी असलेल्यांना, रोज शहरात चालवणाऱ्यांना ती सोपी पडते. थंडरबर्ड दणकट, पण वजनदार. २०१८ च्या आधीच्या थंडरबर्डला एबीएस नाही, हे गाडी बघायला जाण्याआधीच माहीत असावं. मिटिऑरचं इंजिन नव्या घडणीचं, थरथर कमी, वजन १९१ किलो. पण तिला किक नाही, म्हणजे बॅटरीची तब्येत बघणं आलं.

कधीकधी खूप कमी भावात यूएम रेनेगेड दिसते. दिसायला भारी, पण त्या कंपनीने काही वर्षांतच भारतातून गाशा गुंडाळला. क्लच केबलपासून काचेपर्यंत प्रत्येक वस्तूसाठी शोधाशोध. हार्ले-डेव्हिडसन स्ट्रीट ७५० चंही उत्पादन थांबलंय, पण हार्लेची सेवा हिरो मोटोकॉर्पच्या मदतीने चालू राहिली. तरी तिचा खर्च पेलणार का, हे खिशाला आधी विचारायचं.

भावाबद्दल एकच गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे ३५० ची नवी क्रूझर स्वस्त झाली. विकणारा मात्र अजूनही "मी एवढ्याला घेतली होती" इथूनच सुरू करतो. त्याने केवढ्याला घेतली हा त्याचा प्रश्न. शोरूमचा आजचा ऑन-रोड भाव हातात ठेवून तिथून खाली यायचं.

थंड इंजिन, मोकळा रस्ता

गाडी बघायला सकाळी जायचं आणि आधी चालू करून ठेवू नका असं सांगून जायचं. गेल्यावर इंजिनाला हात लावून बघायचा. गरम असेल तर का, हे विचारायचं. थंड असताना कष्टाने चालू होणारी गाडी गरम झाल्यावर शहाण्यासारखी वागते.

ऑइल बघायची खिडकी किंवा काडी बघा. दुधाळ, फेसाळ ऑइल म्हणजे आत पाणी. थंडरबर्डचा सेल्फ मारताना आतून धातू घासल्यासारखा किंवा 'खट्ट' असा मोठा आवाज आला तर स्प्रॅग क्लचचा संशय घ्यायचा. या इंजिनाचं ते ओळखीचं दुखणं आहे आणि इंजिनाची बाजू उघडल्याशिवाय दुरुस्त होत नाही. बाकी थोडी टकटक सुरुवातीला येते आणि ऑइल वर चढल्यावर थांबते. या इंजिनाचे टॅपेट हायड्रॉलिक आहेत, त्यामुळे "टॅपेट टाइट केलं की आवाज जाईल" असं कुणी सांगितलं तर त्या माणसाला हे इंजिन माहीत नाही, असं समजायचं. गरम झाल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय.

पडलेली गाडी ओळखायची असेल तर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. जिथं ते टेकतं तिथं चेसिसला लहानसा लोखंडी टप्पा असतो. तो ठेचलेला, वाकलेला किंवा वेल्डिंग केलेला असेल तर समोरून जोरात धडक झालेली असू शकते. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवलं आणि मध्यभागी अडकल्यासारखं झालं, तर कोनसेट गेलाय. पुढच्या शॉकच्या नळ्यांवर गंजाचे खड्डे असतील तर ऑइल सील टिकणार नाही.

फेरी मारताना गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू आहे ना, हे आधी बघायचं. मग आधी एखाद्या पेठेतल्या गल्लीत. लांबलचक क्रूझर तिथं यू-टर्न घेताना अंगावर येते की नाही, हे दहा मिनिटांत कळतं. नंतर पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या रस्त्याला. चढाला क्लच घसरतोय का, उताराला ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढतेय का, सरळ रस्त्यावर हँडल सैल धरलं तर गाडी सरळ जातेय का. मीटरवरच्या आकड्यावर फार विसंबायचं नाही. फुटरेस्टचं रबर, ब्रेक डिस्कची झिजलेली कड आणि टायर यांच्याशी तो आकडा जुळतो का बघायचं. टायरच्या बाजूला चार अंक कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत असली तरी एवढं जुनं रबर कडक झालेलं असतं.

आणि अल्टर केलेली गाडी? फटाके फोडणारा सायलेन्सर, छातीएवढं उंच हँडल, जाडजूड मागचा टायर. कोल्हापुरात याचं वेड आहे आणि त्याचे जादा पैसेही मागितले जातात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, दंड चालवणाऱ्याला बसतो. त्यामुळे जादा पैसे द्यायचा प्रश्नच नाही, उलट मूळ सायलेन्सर घरात असेल तर तो व्यवहारात मागून घ्यायचा.

नाव कुणाचं?

एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, गाडी कितव्या मालकाकडे आहे, विमा आणि कर्जाचा बोजा दिसतो. "एकहाती" गाडीचा मालक तिथं तिसरा निघतो, असंही होतं. चेसिसवर कोरलेला नंबर आरसीशी अंक न् अंक ताडून बघायचा, आजूबाजूला घासल्याच्या खुणा नसाव्यात. ई-चलन थकलंय का, तेही तपासायचं.

या भागात दुचाकीचं कर्ज पतसंस्थेचंही असतं. हप्ते फिटले, पण आरसीवरचा बोजा उतरवलाच नाही, हे नेहमीचं. नुसता बेबाकी दाखला पुरत नाही. संस्थेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो आणि आरटीओत बोजा उतरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. हे काम विकणाऱ्याने आधी करून द्यायचं, पैसे नंतर. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली नसेल तर तीही बसवून घ्यायला सांगायचं, नाहीतर आरटीओचं काम अडतं.

एजंटकडे सह्या केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० असतात आणि गाडी वर्षानुवर्षं पहिल्याच माणसाच्या नावावर फिरते. हे विकणाऱ्याच्या गळ्याशी येतं. एक मोटार अशीच विकत विकत बऱ्याच हातांत गेली, नोंदणी पहिल्या मालकाच्याच नावावर राहिली आणि अपघात झाला. २०१८ मध्ये 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव होतं त्याच्यावर टाकली. त्यामुळे विकणाराही शहाणा असेल तर नाव बदलायची घाई त्यालाच असते. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरलाही आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते दाखवा म्हणायला लाजायचं नाही.

कोल्हापूरला निपाणी जवळ, बेळगाव जवळ आणि गोवाही फार लांब नाही. त्यामुळे केए २३, केए २२ आणि जीए पासिंगच्या स्वस्त क्रूझर इथं नेहमी दिसतात. स्वस्त दिसतात, कारण पुढचा खर्च अजून व्हायचा असतो. तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला, महाराष्ट्राचा रस्ता कर, नवीन नोंदणी, हे सगळं मोजून मग तुलना करायची. गोव्याच्या गाडीत आणखी एक गोष्ट. तिथं पर्यटकांना भाड्याने द्यायच्या दुचाकींना काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. भाड्याचं आयुष्य संपल्यावर त्या खासगी होऊन पांढऱ्या पाटीवर येऊ शकतात. गाडी आधी कुठल्या वर्गात नोंदलेली होती, हे जुन्या कागदांत दिसतं. त्यात समुद्राची खारी हवा, म्हणजे गंज पुराशिवायही.

गाडी नावावर झाली, आता विमा

गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्यायची. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते. आणि घर पूरपट्ट्यात असेल तर थर्ड पार्टीवर थांबू नये, पावसाळ्याच्या आधी गाडीच्या नुकसानीचा विमा काढावा. त्यातही पाण्यामुळे इंजिन गेलं तर ते साध्या पॉलिसीत बहुधा धरत नाहीत, इंजिनाचं जादा संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. एवढं करूनही गाडी बुडालीच, तर सेल्फ न मारता, किक न मारता, बॅटरीची वायर काढायची, फोटो काढायचे आणि गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालून मिस्त्रीकडे न्यायची.